कोल्हापूरचे दहा लाख शब्द

एक छोटा प्रयोग करून पाहा. गावाच्या इतिहासावरचा एखादा वीस-पंचवीस पानांचा मराठी लेख संगणकावर उघडा आणि 'शोधा' या आज्ञेपुढे 'कोल्हापूर' हा शब्द द्या. संगणक क्षणात 'कोल्हापूर', 'कोल्हापूरचा', 'कोल्हापूरकर' असे शब्द रंगवून दाखवील. पण 'कोल्हापुरात' भरलेली परिषद त्याला दिसणार नाही, 'कोल्हापुरी' चप्पल दिसणार नाही आणि 'कोल्हापुराजवळचे' गावही दिसणार नाही. शब्दाला प्रत्यय लागला की उपान्त्य दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो, हे आपण सातवी-आठवीच्या वर्गात शिकवतो. संगणकाला ते कोणी शिकवलेले नसते. त्याच्या दृष्टीने 'पू' आणि 'पु' ही दोन वेगळी चिन्हे आहेत.

आता हीच आज्ञा थोडी वेगळी लिहू या :

कोल्हाप(ू|ु)र

कंसातल्या उभ्या रेघेचा अर्थ 'किंवा'. 'कोल्हाप'नंतर दीर्घ किंवा ऱ्हस्व उकार आणि मग 'र' असे जेथे जेथे आढळेल ते सर्व शोध, असे आपण सांगितले. हा आता एक शब्द राहिला नाही, तो शब्दांच्या एका कुळाचा साचा झाला. अशा साच्यांना संगणकशास्त्रात 'रेग्युलर एक्स्प्रेशन' म्हणतात. बीजगणितातल्या 'राशी'चा आधार घेऊन आपण त्यांना 'नियमित राशी' म्हणू. बीजगणितात 'क्ष' या एका अक्षराच्या जागी अनेक संख्या येऊ शकतात, त्याप्रमाणे येथे एका राशीच्या जागी अनेक शब्द येऊ शकतात. ही राशी आली कोठून, तिचा आपल्या कोल्हापूरशी काय संबंध आणि मराठीच्या बाबतीत ती कोठे अडखळते, हे या लेखात पाहू.

चिठ्ठ्यांपासून साठ्यापर्यंत

मोठ्या मजकुरातून शब्द वेचून काढण्याचे काम संगणकाच्या कितीतरी आधीचे आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने संस्कृतच्या ऐतिहासिक तत्त्वांवरील महाकोशाचे काम सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचून प्रत्येकाची चिठ्ठी करायची, त्यावर शब्द, त्याचा संदर्भ आणि तो ज्या वाक्यात आला ते वाक्य लिहायचे, अशी पद्धत होती. अशा जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तेथे जमल्या. हे काम करणारे पंडित शब्दाचे कोणतेही रूप ओळखत. विभक्ती बदलली, संधी झाला, तरी मूळ शब्द त्यांच्या नजरेतून सुटत नसे. पण चिठ्ठीची एक मर्यादा असते. ज्या क्रमाने ती लावली, त्याच क्रमाने ती सापडते. उद्या कोणी वेगळा प्रश्न विचारला, तर पुन्हा सगळी कपाटे उघडावी लागतात.

त्यानंतर मजकूरच यंत्राला वाचता येईल अशा रूपात साठवावा, म्हणजे नवा प्रश्न विचारताना नव्याने वेचणी करावी लागणार नाही, हा विचार पुढे आला. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठात नेल्सन फ्रान्सिस आणि हेन्री कुचेरा यांनी १९६१ साली छापल्या गेलेल्या अमेरिकन इंग्रजी मजकुरातून ५०० नमुने निवडले. प्रत्येक नमुना सुमारे २,००० शब्दांचा, म्हणजे एकूण १० लाख शब्द. वर्तमानपत्रातील बातम्या, अग्रलेख, धर्म, छंद, सरकारी कागदपत्रे, शास्त्रीय लेखन, कथा, विनोद असे १५ प्रकार त्यात ठरावीक प्रमाणात होते. १९६४ साली हा साठा अभ्यासकांना खुला झाला. तो 'ब्राऊन कॉर्पस' या नावाने ओळखला जातो. पुढे लँकेस्टर, ऑस्लो आणि बर्गेन येथील अभ्यासकांनी मिळून ब्रिटिश इंग्रजीचा तसाच साठा केला. तो १९७८ साली पूर्ण झाला.

तिसरा महत्त्वाचा साठा तयार झाला तो कोल्हापुरात. शिवाजी विद्यापीठाच्या इंग्रजी विभागातील प्रा. एस. व्ही. शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात १९७८ साली छापल्या गेलेल्या इंग्रजी मजकुरातून ब्राऊनच्याच धर्तीवर ५०० नमुने निवडले आणि दहा लाख शब्दांचा साठा उभा केला. त्याची माहितीपुस्तिका १९८६ साली विद्यापीठाच्या या विभागाने काढली. जगभरच्या भाषाशास्त्रज्ञांना हा साठा 'कोल्हापूर कॉर्पस' या नावाने ठाऊक आहे. नॉर्वेतील बर्गेनहून १९९१ साली इंग्रजीच्या अशा साठ्यांची एक सीडी निघाली, तिच्यावर ब्राऊनच्या शेजारी कोल्हापूर होते. भारतात तयार झालेल्या पहिल्या यंत्रवाच्य साठ्यांत त्याची गणना होते.

साचा ब्राऊनचाच ठेवण्यात एक शास्त्रीय दृष्टी होती. दोन प्रयोगांची तुलना करायची तर मोजण्याची रीत सारखी हवी. अमेरिकन, ब्रिटिश आणि भारतीय इंग्रजीचे नमुने एकाच मापाने घेतले, की एखादा शब्दप्रयोग कोठे जास्त आणि कोठे कमी हे मोजून सांगता येते. अर्थात १९६१ आणि १९७८ यांतला १७ वर्षांचा फरक लक्षात ठेवावा लागतो. शिवाय येथे जे साहित्य लिहिले जाते, त्याचे भान ठेवून ललित विभागातील प्रमाण बदलावे लागले. साहसकथा आणि विज्ञानकथा ब्राऊनपेक्षा कमी आल्या, सामान्य कथा-कादंबऱ्या जास्त. साचा तोच, पण डोळे मिटून वापरलेला नव्हे.

आता दहा लाख शब्द म्हणजे किती? मिनिटाला २०० शब्द या गतीने कोणी न थांबता वाचू लागले, तर ५,००० मिनिटे लागतील, म्हणजे ८३ तासांहून अधिक. आणि एवढे वाचून एकाच प्रश्नाचे उत्तर मिळेल. 'लाठी' हा शब्द भारतीय इंग्रजीत एकटा किती वेळा येतो आणि 'लाठीचार्ज' असा जोडून किती वेळा? पुढचा प्रश्न विचारला की पुन्हा ८३ तास. साठा उभा राहिला, पण त्याला प्रश्न विचारण्याची भाषा हवी. ती भाषा म्हणजे नियमित राशी.

मज्जापेशींपासून सुरुवात

गंमत अशी, की या भाषेचा जन्म मजकुराच्या शोधासाठी झालाच नाही. १९४३ साली वॉरन मॅक्युलॉक हे मज्जाशास्त्रज्ञ आणि वॉल्टर पिट्स हे तर्कशास्त्रज्ञ यांनी मेंदूतील मज्जापेशींचे एक गणिती प्रारूप मांडले. त्यात पेशी एकतर उद्दीपित असते किंवा नसते. अशा पेशींचे जाळे कोणकोणत्या घटनामालिका ओळखू शकेल, असा प्रश्न त्यातून निर्माण झाला.

अमेरिकन गणिती स्टीफन क्लेनी यांनी १९५१ साली या प्रश्नाचे उत्तर शोधले. ते १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी दाखवले की ज्या यंत्राला मोजक्याच अवस्था आहेत, ते यंत्र नेमक्या ज्या मालिका ओळखू शकते, त्या सर्व तीन क्रियांनी लिहिता येतात. पहिली क्रिया, एकामागून एक येणे. दुसरी, हे किंवा ते. तिसरी, शून्य किंवा कितीही वेळा पुनरावृत्ती. तिसऱ्या क्रियेसाठी त्यांनी तारांकन वापरले, त्याला आजही 'क्लेनीचा तारा' म्हणतात. अशा मालिकांना त्यांनी 'नियमित' हे नाव दिले. ते त्यांना स्वतःलाही फारसे पसंत नसावे, कारण अधिक बोलके नाव कोणाला सुचले तर स्वागतच आहे, असे त्यांनी त्याच लेखात म्हटले होते. कोणी ते सुचवले नाही आणि 'नियमित' हेच रूढ झाले.

येथे संस्कृत शिकवणाऱ्या शिक्षकांना पाणिनीची आठवण होईल. सर्व स्वरांसाठी 'अच्' आणि सर्व व्यंजनांसाठी 'हल्' अशी आखूड नावे, म्हणजे प्रत्याहार, त्याने वापरले. इ, उ, ऋ यांच्यापुढे विजातीय स्वर आला की त्यांच्या जागी अनुक्रमे य, व, र येतात ('अति' आणि 'अंत' यांचा 'अत्यंत' होतो), हा नियम म्हणजे 'अमुक परिस्थितीत अमुकच्या जागी तमुक' अशी आज्ञाच आहे. १९६७ साली पीटर इंगरमन यांनी संगणकभाषांचे व्याकरण लिहिण्याच्या बॅकस यांच्या पद्धतीला पाणिनीचेही नाव जोडावे, अशी सूचना एका संगणकशास्त्रीय नियतकालिकात केली होती. म्हणून पाणिनीने नियमित राशी शोधल्या असे म्हणणे बरोबर होणार नाही. पण अक्षरांच्या गटाला नाव द्यावे आणि नियम गटासाठी सांगावा, ही कल्पना आपल्याला परकी नाही, एवढे निश्चित.

एका निबंधसंग्रहाचे निमित्त

क्लेनींची कल्पना कागदावरून यंत्रात आणली केन थॉम्प्सन यांनी. १९६८ साली त्यांनी एक लेख प्रसिद्ध केला. दिलेल्या राशीपासून एक लहानसा कार्यक्रम आपोआप तयार करायचा आणि तो मजकुरावरून एक-एक अक्षर पुढे नेत फिरवायचा, अशी त्यांची युक्ती होती. शक्य असलेल्या सर्व अवस्था एकाच वेळी ध्यानात ठेवल्या जात, त्यामुळे मागे परतावे लागत नसे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत त्यांनी लिहिलेल्या मजकूर-संपादकात ही सोय होती.

तेथेच त्यांचे सहकारी ली मॅकमहॉन यांना एका जुन्या वादात रस होता. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये टोपणनावाने ८५ निबंध प्रसिद्ध झाले होते. त्यांतले काही हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा तो वाद. १९६४ साली मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी साध्यासाध्या शब्दांची वारंवारता मोजून त्यावर प्रकाश टाकला होता. हॅमिल्टन 'अपॉन' हा शब्द वरचेवर वापरतो, मॅडिसन क्वचित. मॅकमहॉनना या निबंधांतून शब्द शोधायचे होते, पण त्या काळच्या संगणकाची स्मृती इतकी तोकडी होती, की सगळा मजकूर संपादकात मावेना. तेव्हा थॉम्प्सन यांनी संपादकातला शोधाचा भाग कापून वेगळा काढला आणि त्याचा स्वतंत्र कार्यक्रम केला. त्याचे नाव 'ग्रेप'. सर्व ओळींत, अमुक राशी शोधून, छापा या तीन शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांची ती जुळणी आहे. १९७३ च्या युनिक्स प्रणालीत हा कार्यक्रम आला आणि आजही तो वापरात आहे. म्हणजे कारखाना किंवा बँक यांच्या गरजेतून नव्हे, तर लेखकाची शैली ओळखण्याच्या, म्हणजे आपल्या भाषाशिक्षकांच्या गरजेतून हे साधन घडले.

पुढची वाटचाल झपाट्याने झाली. मॅकमहॉन यांनी 'सेड' लिहिला. १९७७ मध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन या तिघांच्या नावांतून 'ऑक' ही छोटी भाषा निघाली. १९८७ साली लॅरी वॉल यांनी 'पर्ल' प्रसिद्ध केली. वॉल यांचे शिक्षण भाषाशास्त्राचे आणि त्यांच्या भाषेच्या नावाची फोडच मुळी 'मजकूर उपसून अहवाल देणारी व्यवहारी भाषा' अशी केली जाते. १९९१ मध्ये गिडो व्हान रॉसम यांची 'पायथन' आली. ती आता आपल्याकडच्या महाविद्यालयांतही शिकवली जाते. अशा भाषांना स्क्रिप्ट भाषा म्हणतात. चार ओळी लिहाव्यात, लगेच चालवाव्यात, चुकल्यास दुरुस्त कराव्यात, असा त्यांचा घरगुती स्वभाव आहे. राशी हा त्यांच्या हातातला विळा.

राशीची मुळाक्षरे

ही चिन्हे थोडी आहेत. एक टिंब म्हणजे कोणतेही एक चिन्ह. चौकटी कंस म्हणजे त्यातले कोणतेही एक, म्हणून [०-९] म्हणजे कोणताही एक अंक. तारांकन म्हणजे आधीचे चिन्ह शून्य किंवा अधिक वेळा, अधिकचिन्ह म्हणजे एक किंवा अधिक वेळा आणि प्रश्नचिन्ह म्हणजे असले तर असू दे, नसले तर नको. 'लाठी(चार्ज)?' ही राशी दोन्ही शब्दांना लागू पडते.

समजा, शाळेच्या जुन्या नोंदवहीचा मजकूर संगणकावर आहे आणि त्यातल्या जन्मतारखा तेवढ्या हव्या आहेत. राशी अशी लिहिता येईल :

[०-९][०-९]?-[०-९][०-९]?-[०-९][०-९][०-९][०-९]

एक किंवा दोन अंक, आडवी रेघ, पुन्हा एक किंवा दोन अंक, रेघ आणि चार अंक. '१२-०७-१९६३' आणि '५-३-१९६४' या दोन्ही तारखा तिला सापडतील. पण '३९-१५-१९६३' अशी अशक्य तारीखही सापडेल. कारण राशी रूप तपासते, अर्थ नव्हे. तारीख खरी की खोटी हे ठरवण्यास पुढची पायरी लागते. हा फरक विद्यार्थ्यांच्या मनावर पहिल्याच दिवशी ठसवावा.

दुसरी मेख तारांकनाची. पुढील ओळ पाहा : 'राजारामपुरी (पूर्व) व शाहूपुरी (पश्चिम)'. यातला कंसांतला मजकूर काढायचा आहे. कंस हे राशीतले खास चिन्ह असल्याने खरा कंस दाखवण्यासाठी त्याच्यामागे तिरकी रेघ देतात. नवशिका लिहील :

\(.*\)

उत्तर येईल : '(पूर्व) व शाहूपुरी (पश्चिम)'. तारा हावरा असतो. तो जमेल तेवढे पुढे धावतो आणि शेवटच्या कंसाशी थांबतो. योग्य राशी अशी :

\([^)]*\)

चौकटी कंसात आरंभी दिलेले टोपीसारखे चिन्ह म्हणजे 'हे सोडून'. बंद होणारा कंस सोडून काहीही, असे सांगितल्यावर 'पूर्व' आणि 'पश्चिम' वेगवेगळे हाती येतात. काय हवे हे सांगण्याइतकेच काय नको हे सांगणेही महत्त्वाचे असते.

मराठीपुढे अडखळणारी राशी

येथपर्यंत सारे सरळ आहे, कारण या साधनाची वाढ रोमन लिपीच्या अंगणात झाली. तेथे एक अक्षर म्हणजे एक चिन्ह. आपल्याकडे तसे नाही. 'कोल्हापूर' हा शब्द आपण को, ल्हा, पू, र असा चार अक्षरी मोजतो. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत मात्र तो क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, दीर्घ उकार, र अशा नऊ संकेतांनी साठवला जातो.

याचा परिणाम पाहा. 'क.ळ' ही राशी दिली, तर आपली अपेक्षा 'कमळ' या तीन अक्षरी शब्दाची. ते सापडतेच. पण सोबत 'काळ', 'केळ', 'कुळ' आणि 'कोळी'ही येतात, कारण काना, मात्रा, उकार हेही एकेक संकेत आहेत आणि टिंबाला ते चालतात. केवळ व्यंजनच हवे असेल, तर 'क[क-ह]ळ' असे लिहावे लागते. येथेही एक बारकावा आहे. आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो, मग [क-ह] या पट्ट्यात तो असेल का? असतो. कारण युनिकोडचा देवनागरी पट्टा 'इस्की' या १९८८ च्या भारतीय संकेतावर बेतलेला आहे आणि त्यात 'ळ'चे स्थान 'ल'च्या शेजारी आहे. 'क्ष' आणि 'ज्ञ' मात्र या पट्ट्यात स्वतंत्रपणे नाहीत. ती जोडाक्षरे आहेत, म्हणून जोडाक्षरांसारखीच शोधावी लागतात.

याहून मोठा घोटाळा 'शब्द' या कल्पनेचा. 'शब्दात येणारे चिन्ह' यासाठी स्क्रिप्ट भाषांत एक तयार आखूड खूण असते. पायथनच्या अंगभूत साधनात या खुणेच्या व्याख्येत काना, मात्रा, वेलांटी बसत नाहीत. त्यामुळे ती खूण वापरून मराठी मजकुराचे शब्द पाडले, तर 'शाळा'ऐवजी 'श' आणि 'ळ' असे दोन तुकडे हाती येतात. कार्यक्रम कोठेही चूक झाल्याचे सांगत नाही. निमूटपणे चुकीची उत्तरे देत राहतो. शब्दांची मोजणी करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने हे न पाहता तक्ते काढले, तर त्याचा सगळा प्रकल्प कानामात्रा गमावलेल्या मराठीवर उभा राहील. उपाय अवघड नाही. तयार खुणेऐवजी देवनागरीचा संपूर्ण पट्टा चौकटी कंसात देऊन 'शब्दातले चिन्ह' ही व्याख्या आपणच करायची. पण त्यासाठी आपली भाषा यंत्रात कशी साठवली आहे, हे ठाऊक असावे लागते.

लेखनातही एकाच अक्षराची दोन रूपे असतात. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले. त्याआधी ते 'अ' आणि वर अर्धचंद्र असे दोन संकेत जोडून लिहीत आणि अजूनही अनेक जण तसे लिहितात. 'वाऱ्याची' यातला र दोन रीतींनी साठवता येतो. डोळ्यांना एक दिसणारे शब्द संगणकाला दोन वाटतात. त्यामुळे शोधण्याआधी मजकूर एकसारखा करून घेणे, म्हणजे निवडण्याआधी धान्य पाखडणे, आवश्यक ठरते.

आणि शेवटी आपले व्याकरण. 'पाऊस' शोधताना 'पावसाने', 'पावसाळा' सुटू नयेत म्हणून 'पा(ऊ|व)स' अशी राशी सुचते. ती चालते, पण रत्नागिरीजवळचे 'पावस' गाव आणि 'पावसकर' आडनाव यांनाही ती ओढून आणते. जाळे सैल विणले तर हवे ते निसटते, घट्ट विणले तर नको तेही अडकते. शोधाच्या शास्त्रात या दोन्ही चुका वेगवेगळ्या मोजतात.

बंद पडलेल्या फाइली

नियमित राशींचे मराठीवरचे सर्वांत मोठे उपकार कदाचित वेगळ्याच ठिकाणी आहेत. काही वर्षांपूर्वी परिचयाच्या एका मुख्याध्यापकांनी शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची जुनी फाइल मला आणून दिली. उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा नुसता चिवडा. मजकूर मराठीच होता, पण ज्या फाँटात तो जुळवला होता, तो त्या संगणकावर नव्हता. छापील प्रती वाळवीने खाल्लेल्या. त्या मजकुरात शाळेच्या पहिल्या तुकडीच्या आठवणी होत्या आणि त्या लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण आता हयात नव्हते.

युनिकोड सर्रास वापरात येण्यापूर्वीच्या बहुतेक मराठी फाँटांत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे सुटे आकार बसवलेले असत. शिवाय अक्षरे टंकलेखन यंत्राप्रमाणे, दिसतील त्या क्रमाने साठवली जात. 'स्थिती' लिहिताना आधी ऱ्हस्व वेलांटी, मग अर्धा स, मग थ. 'धर्म' लिहिताना ध, म आणि शेवटी रफार. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. म्हणून अशी फाइल वाचवताना दोन पायऱ्या कराव्या लागतात. पहिल्या पायरीत प्रत्येक आकाराच्या जागी खरे देवनागरी अक्षर ठेवायचे. दुसरीत क्रम सुधारायचा आणि तेथे ही राशी उपयोगी पडते :

ि(([क-ह]्)*[क-ह])

वेलांटी, मग शून्य किंवा अधिक अर्धी व्यंजने, मग एक पूर्ण व्यंजन. गोल कंसात जे सापडेल ते संगणक लक्षात ठेवतो. बदलताना आपण सांगतो, की बाहेरच्या कंसातले आधी लिही आणि वेलांटी नंतर. 'स्थिती', 'भक्ति', 'किल्ला' हे सारे एका ओळीच्या आज्ञेने सरळ होतात. रफारासाठी याच्या उलट राशी. तो मागून उचलून व्यंजनाच्या आधी आणायचा. स्मरणिकेची आकारांची कोष्टके तपासायला दोन संध्याकाळी गेल्या. क्रम लावायला संगणकाला डोळ्याची पापणी लवण्याएवढाही वेळ लागला नाही. काही ठिकाणी अक्षरे चुकली, ती मुख्याध्यापकांनी वाचून दुरुस्त केली. तेवढे माणसाकडेच राहते.

राशीची मर्यादा

प्रत्येक साधनाची मर्यादा सांगितल्याशिवाय त्याचा परिचय पूर्ण होत नाही. मोजक्या अवस्थांच्या यंत्राला कितीही खोल मोजता येत नाही, त्यामुळे कंसांत कंस, त्यात पुन्हा कंस असे कितीही थर असले तरी ते जुळतात का, हे क्लेनींच्या तीन क्रिया तपासू शकत नाहीत.

दुसरी मर्यादा वेळेची. अनेक स्क्रिप्ट भाषा थॉम्प्सन यांच्या युक्तीऐवजी एक वाट चालून पाहणे, न जमल्यास मागे फिरून दुसरी धरणे, अशी रीत वापरतात. '(अ+)+ब' ही राशी घ्या आणि मजकुरात फक्त चार 'अ' असू द्या, 'ब' नाहीच. चार 'अ' गटांत पाडण्याचे मार्ग आठ : ४, ३+१, १+३, २+२, २+१+१, १+२+१, १+१+२ आणि १+१+१+१. यंत्र प्रत्येक मार्ग चालून पाहते. 'अ' एकाने वाढला की मार्ग दुप्पट होतात. ३० 'अ' झाले, तर २ चा २९ वा घात, म्हणजे ५३ कोटींहून अधिक मार्ग. बुद्धिबळाच्या पटावरच्या धान्याची गोष्टच ही. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या यंत्रणेत अशीच एक बेसावध राशी शिरली आणि जगातील असंख्य संकेतस्थळे सुमारे २७ मिनिटे कोलमडली. घातांक शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे.

वर्गासाठी

या विषयाची सुरुवात करायला संगणक असलाच पाहिजे असे नाही. फळ्यावर दहा शब्द लिहा आणि मुलांना सांगा, की यांतल्या सहांना लागू पडेल आणि चारांना पडणार नाही अशी राशी तयार करा. 'घोडा, घोडे, घोड्याला' यांना कवेत घेऊन 'घोडचूक' बाहेर ठेवायची म्हटले, की सामान्यरूप म्हणजे काय हे व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा लवकर उमगते. आपले नियम यंत्राला सांगायचे, तर ते आधी आपल्याला नेमके ठाऊक हवेत.

कोल्हापूरने भारतीय इंग्रजीचे दहा लाख शब्द मोजून-मापून जगापुढे ठेवले. १९९१ नंतर केंद्र सरकारच्या योजनेतून भारतीय भाषांचे साठे होऊ लागले आणि मराठीचे काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे आले. उद्दिष्ट होते सुमारे ३० लाख शब्दांचे. आता मराठी मजकूर रोज त्याहून अधिक लिहिला जात असेल. पण लिहिलेले असणे आणि सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या शाळेच्या कपाटात जुन्या फाँटातली फाइल पडून आहे, तिथला एखादा शिक्षक आणि त्याचे दोन विद्यार्थी एवढे मनुष्यबळ ती पुन्हा वाचती करण्यास पुरेसे आहे. पहिली राशी 'कोल्हाप(ू|ु)र' ही असली, तरी चालेल. गावाचे नाव आपापले घालावे.